रिमोटचे अँटेना बदलून ड्रोनची रेंज खरंच वाढते का? (फ्लायस्काय आय६ + एफ४५०)

उसातला_पायलट
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातनं लिहितोय. घरी जोडलेला एफ४५० सांगाड्याचा ड्रोन आहे. वर पिक्सहॉक (ड्रोन सांभाळणारा कंट्रोलर), जीपीएस, खाली छोटा ॲक्शन कॅमेरा. रिमोट फ्लायस्कायचा आय६, रिसीव्हर आयए६बी. हौस म्हणून उडवतो, पण घरच्यांचं म्हणणं असं की एवढे पैसे घातलेस तर निदान ऊस कुठं पिवळा पडलाय ते तरी बघून सांग.

अडचण अशी की ४०० मीटरच्या आसपास गेला की सिग्नल तुटतो, फेलसेफ लागतो आणि ड्रोन माघारी येतो. आमचं आणि चुलत्यांचं रान धरून ओढ्यापर्यंत १२०० मीटर अंतर आहे. ऑनलाइन '१२ डीबीआय'ची (अँटेनाच्या जोराचं माप) काडी अँटेना मिळतेय, वायफाय राउटरला लावतात तसली. रिमोटला वरून भोक पाडायचं, जोडणी बसवायची आणि ती काडी लावायची असा बेत आहे. कुणी केलंय का? जाणकारांनी सांगावं. 'नवीन घे' एवढं सांगू नका, घरातनं बाहेर काढतील.

टवाळ_पोर
रेंज तिप्पट केलीस की पडलेला ड्रोन शोधायची पायपीटही तिप्पट. आडसाली उसात पडला तर थेट तोडणीलाच भेट.

एफपीव्ही_पक्या
भावा, अँटेनाच्या नादाला लागू नकोस. ईएलआरएस (लांब पल्ल्याची रिमोट-रिसीव्हर प्रणाली) घे, विषय संपला.

जुना_हॅम
पक्या, त्यानं 'नवीन घे सांगू नका' असं पहिल्याच पोस्टीत लिहिलंय. वाचत जा.

पायलटराव, आधी हिशोब, मग ड्रिल. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) पडतो. तुम्हाला ४०० चे १२०० करायचेत, म्हणजे तिप्पट, म्हणजे साडेनऊ डीबी. एवढे साडेनऊ डीबी कुठून तरी पैदा करायचे, इतकाच प्रश्न आहे. पाकिटावर १२ छापलंय म्हणून तुम्हाला वाटतंय की ते काडीतून मिळतील.

अँटेना स्वतः शक्ती तयार करत नाही. पिठाचा गोळा तेवढाच असतो. थापाल तशी भाकरी रुंद होते आणि तितकीच पातळ. काडी अँटेनाचा गेन (एका दिशेतला जोर) वाढतो तो वर आणि खाली जाणारा भाग चेपून, सगळं आडवं पसरवल्यामुळे. खऱ्या १२ डीबीआयच्या उभ्या काडीचा झोत उभ्या दिशेत जेमतेम सात अंशांचा उरतो, क्षितिजाच्या वर साडेतीन आणि खाली साडेतीन. आता तुमचा ड्रोन ३०० मीटर लांब आणि १०० मीटर उंच असला तर तो क्षितिजापासून १८ अंश वर दिसतो. झोताच्या पार बाहेर. लांब जायचं राहू दे, जवळच हातातून सुटायचा.

आणि ही खऱ्या १२ ची गोष्ट झाली. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर. त्या हिशोबाने खरी १२ डीबीआयची काडी मीटरभर किंवा त्याहून उंच निघते, ८ ची अर्ध्या मीटरच्या आसपास. वीतभर काडीवर १२ लिहिलेलं असेल तर आत फार तर ३ ते ५ असतात.

तीन गोष्टी कळवा: उभे कुठे राहता, रिमोट कसा धरता, आणि ड्रोनवर रिसीव्हरच्या तारा कुठून कशा नेल्यात. तारांचा फोटो टाका.

मृण्मयी_स्टुटगार्ट
काकांना +१. मी रेडिओ-मापनातच काम करते, म्हणून त्या काड्यांबद्दल थोडं. हौसेपोटी अशा काही स्वस्त काड्या उघडून पाहिल्या होत्या. वरचं रबर कापलं की आत एक बारीक केबल, तिच्या टोकाला ३१ मिलीमीटर उघडी तार, तिच्याखाली तेवढ्याच लांबीची पितळी नळी, आणि वरचा निम्मा भाग नुसतं पोकळ प्लास्टिक. ३१ मिलीमीटर म्हणजे २.४ ची पाव तरंगलांबी. वर पाव, खाली पाव, झाला साधा डायपोल, गेन सव्वादोन डीबीआयच्या आतच. रिमोटमध्ये कंपनीने बसवलेलाही साधारण तोच असतो. भोक पाडून, वॉरंटी घालवून हाती काय लागलं, तर लांब टोपी.

'नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घेऊन मोजतो' असं कुणी म्हणणार असेल तर जपून. सगळ्यात स्वस्त मिळतो तो ९०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, पुढची आवृत्ती दीड गिगाहर्ट्झपर्यंत. २.४ मोजायचं तर ३ गिगाहर्ट्झवाला व्ही२ लागतो, आणि ५.८ साठी ६ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा.

पमाकाकू
यातलं फारसं कळत नाही पण वाचायला मजा येतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली). नातू मागे लागलाय ड्रोनच्या.

उसातला_पायलट
हॅमकाका, उत्तरं:
१) बांधावर उभा राहतो. समोर लगेच ऊस सुरू. आडसाली आहे, साडेतीन मीटर तरी उंच असेल.
२) रिमोट पोटाला टेकवून. गळ्यात पट्टा असतो.
३) फोटो टाकलाय. रिसीव्हर मधल्या दोन पट्ट्यांच्या सापटीत बसवलाय, पाणी-धूळ लागू नये म्हणून. तारा तिथंच गुंडाळून चिकटपट्टी मारली. मिशन (आपोआप उडायचा आखलेला मार्ग) ४० मीटर उंचीवर लावतो.

जुना_हॅम
सापडले तुमचे साडेनऊ डीबी. बहुतेक जास्तच सापडतील.

पहिलं, रिसीव्हर. एफ४५० च्या हातांना प्लास्टिक आहे पण मधल्या पट्ट्या सर्किट बोर्डाच्या आहेत. खालची पट्टी तर बॅटरीची वीज चारही ईएससींना (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटांना) वाटते, म्हणजे तिच्यात चांगला रुंद तांब्याचा पत्रा आहे. त्या पट्ट्यांच्या बाहेर लिपो बॅटरी बांधलेली, तीही आतून धातूच. तुम्ही रेडिओचे कान दोन पत्र्यांच्या मध्ये कोंबून वर चिकटपट्टी मारलीये. ड्रोन एका बाजूला वळला की ऐकू येत असेल, दुसऱ्या बाजूला वळला की नाही.

रिसीव्हर तिथेच राहू दे, तारा तेवढ्या बाहेर काढा. प्रत्येक तारेच्या टोकाला जो २६-३१ मिलीमीटरचा आवरण काढलेला भाग असतो तोच खरा अँटेना. मागची उरलेली केबल नुसती वाहतूक करते. ती दोन टोकं एकमेकींशी काटकोनात हवीत. एक मागच्या हातावर बाहेरच्या दिशेने, दुसरं खाली लोंबतं. झिप टाय उभा बांधा, त्याच्यावर टोक ठेवून आकुंचन पावणारी नळी चढवा, गरम हवा द्या. वाऱ्याने हलत नाही. काटकोन कशाला, तर एक तार ज्या दिशेला बहिरी असते तिथे दुसरी ऐकते. टोक कापू नका, दुमडू नका. लांबी बदलली की सूरच बिघडतो.

दुसरं, पोट. माणूस बहुतांशी पाणी आहे आणि २.४ ला पाणी आवडत नाही. पट्टा लांब करा, रिमोट अंगापासून हातभर पुढे ठेवा, आणि ड्रोनकडे तोंड करून उभे राहा. मोबाइलवर नकाशा बघण्यासाठी पाठ फिरवायची नाही.

तिसरं मोठं आहे, ते रात्री जेवून लिहितो.

एफपीव्ही_पक्या
काका रॉक्स. बरं पायलट, त्या ॲक्शन कॅमेऱ्याचं वायफाय बंद आहे का? बऱ्याच जणांचं चालूच राहतं. कॅमेरा रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर बसून त्याच २.४ मध्ये ओरडत असतो. लांबून येणारा बारीक आवाज ऐकायच्या वेळी कानाशीच कुणीतरी बोंबलतंय म्हटल्यावर रिसीव्हर काय करणार.

उसातला_पायलट
अरे देवा. चालू आहे. मोबाइलवर फोटो उतरवून घ्यायला सोपं पडतं म्हणून कायम चालूच असतं.

सातबारा
मध्येच बोलतो, राग नसावा. तांत्रिक गोष्टी चालू द्या, पण १२०० मीटर हा आकडा वाचून राहवलं नाही.

घरी जोडलेला ड्रोन विनाटंटा उडवता येतो तो ड्रोन नियम, २०२१ मधल्या 'मॉडेल' या प्रकाराखाली. वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा निव्वळ मनोरंजनासाठी, आणि तिसरी अट अशी की उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. या प्रकाराला टाइप सर्टिफिकेट (यानाच्या रचनेची सरकारी मंजुरी) लागत नाही. ड्रोन नजरेपलीकडे गेला की तो त्या व्याख्येतून बाहेर पडतो आणि सवलतही संपते. नोंदणी आणि ओळख क्रमांक हवाच. हिरव्या पट्ट्यात (जिथे उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही) उंची ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये असाल तर २०० फूट.

आता एफ४५० चा विस्तार तिरका मोजला तर ४५० मिलीमीटर. ५०० मीटरवर तो ठिपका दिसतो, तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते कळत नाही. १२०० वर काय दिसणार?

उसातला_पायलट
पण वकीलसाहेब, रान आमचंच आहे की. दुसऱ्याच्या डोक्यावरनं जातच नाही.

सातबारा
सातबारा जमिनीचा असतो, आकाशाचा नसतो. 'सातबारा' हा आयडी उगाच नाही घेतला. शिवाय स्वतःच्या उसाचा पिवळेपणा बघणं ही हौस की शेतीचा धंदा, यावर कुणी वाद घालायचा म्हटला तर घालता येईल. मी घालत नाही.

उपाय साधा आहे. रानाच्या एका टोकाला उभं राहायच्याऐवजी मध्यावर उभे राहा. दोन्ही बाजूंना ६००-६०० मीटर होतात. त्यातही दिसेल तेवढंच उडवा, मग जागा बदला. मोटरसायकल आहेच.

जुना_हॅम
सातबारांनी माझं अर्धं काम केलं. ६०० मीटर म्हणजे ४०० च्या दीडपट, साडेतीन डीबी. ते तर तारा बाहेर काढल्यावरच मिळतील.

आता तिसरं, ऊस. आकडे धरून बघू. ड्रोन ४०० मीटरवर, उंची ४० मीटर. म्हणजे तो क्षितिजाच्या फक्त पावणेसहा अंश वर आहे. रिमोट तुमच्या पोटापाशी, जमिनीपासून १.२ मीटर. ऊस ३.५ मीटर. रिमोटपासून ड्रोनपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती उसाच्या शेंड्याच्या वर निघायला २३ मीटर घेते. म्हणजे तुमचा सिग्नल पहिले वीस-बावीस मीटर ओल्या, हिरव्या, पाण्याने भरलेल्या पात्यांतून आणि कांड्यांतून घुसत जातो. तुमची रेंज तिथेच खर्ची पडते, पुढचे पावणेचारशे मीटर मोकळी हवा आहे. ड्रोन जसजसा लांब जातो तसतशी ती दोरी आणखी आडवी होते आणि उसातला प्रवास वाढतो, म्हणून एका ठरावीक अंतरावर एकदम तुटल्यासारखं वाटतं.

आणि नुसती दोरी मोकळी असून भागत नाही. दोरीभोवती एक लांबट फुगीर जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. २.४ ला १ किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी तिची त्रिज्या साडेपाच मीटरच्या वर भरते. टोकांकडे ती निमुळती होते, त्यामुळे तुमच्याजवळ थोडी उंची मिळाली तरी पुष्कळ.

विहिरीवर मोटारीची खोली आहे का? स्लॅबची असेल तर तीवर चढा. ३ मीटर खोली अधिक १.२ मीटर रिमोट म्हणजे ४.२ मीटर, शेंड्याच्या वर. नसेल तर रिकाम्या ट्रॉलीत उभे राहा आणि मिशनची उंची ४० ची ७० करा. १२ डीबीआयची काडी लावून बांधावर उभे राहिलात तर उसातच अडकणार. या दोन्हींपैकी एक केलंत तर कदाचित रिमोट उघडायलाच लागणार नाही.

टवाळ_पोर
म्हणजे रेंज वाढवायचा सगळ्यात भारी अँटेना = शिडी.

एफपीव्ही_पक्या
शिडीला गेन किती डीबीआय, काका? 😄

नाशिककर_फोटोवाला
चांगला धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा. लग्नाची शूटिंग करतो. ड्रोन कंपनीचा तयार आहे, रिमोटला वर दोन चपटे अँटेना. लॉनवर १५० मीटरवरच चित्र अडखळतं, हेच यान धरणाच्या कडेला उडवलं तर किलोमीटरभर लोण्यासारखं चालतं. बाजारात दोन गोष्टी मिळतात, अँटेनांच्या मागे लावायची पत्र्याची वाकवलेली तावदानं आणि '४ वॅट सिग्नल बूस्टर'. कुठलं घ्यावं?

मृण्मयी_स्टुटगार्ट
बूस्टर नको. कारण दिशेचं आहे. रिमोट ड्रोनला आज्ञा पाठवतो, आणि चित्र ड्रोनकडून रिमोटकडे येतं. अडखळतंय चित्र, म्हणजे त्रास परतीच्या वाटेवर आहे. बूस्टरने तुमचा रिमोट जोरात बोलेल, ड्रोन काही जोरात बोलायला लागणार नाही. काही बूस्टरांत ऐकण्याच्या बाजूलाही ॲम्प्लिफायर असतो, पण तो चित्राबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, आणि लॉनवर तुमचा मुख्य शत्रू गोंगाट आहे.

पत्र्याचं तावदान त्या मानाने प्रामाणिक. अँटेना पाठवताना आणि ऐकताना सारखाच वागतो, त्यामुळे मागे परावर्तक लावला की दोन्ही वाटांना थोडा फायदा होतो. मात्र झोत अरुंद होतो, ड्रोनकडे तोंड ठेवावं लागतं आणि ड्रोन मागे गेला तर आधीपेक्षा वाईट. नव्या रिमोटांत अँटेना फोन धरायच्या पकडीत लपवलेले असतात. त्यांच्यावर हे तावदान चढवून फारसं काही होत नाही.

तुमचे चपटे अँटेना कसे धरता? पुष्कळ जण टोकं ड्रोनकडे रोखतात. डायपोल आपल्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच पाठवत नाही. चपटी बाजू ड्रोनकडे हवी.

जुना_हॅम
बूस्टरबद्दल आणखी एक. २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, पण मर्यादा अँटेनाच्या गेनसकट ४ वॅट आहे. ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम (तीच शक्ती डेसिबलांत). बूस्टर खरंच ४ वॅटचा असेल आणि त्याला ५ डीबीआयचा अँटेना असेल तर झाले ४१ डीबीएम, म्हणजे साडेबारा वॅट. मर्यादेच्या तिप्पट. तेही लग्नाच्या मांडवात.

पायलटरावांचा आय६ यात कुठे बसतो? तो २० डीबीएमच्या आतला, म्हणजे १०० मिलिवॅट. त्याला ५ डीबीआय लावला तरी २५ डीबीएम, तिसरा हिस्सा वॅट. मर्यादेच्या कितीतरी आत. पण रिमोट मंजूर झालाय तो मूळ अँटेनासकट, एवढं लक्षात असू द्या.

मृण्मयी_स्टुटगार्ट
इथे जर्मनीत तर २.४ ला गेनसकट १०० मिलिवॅटच. ५ डीबीआयचा अँटेना लावला की पाठवायची शक्ती ५ डीबीने उतरवायची. त्यामुळे पाठवताना काही पदरात पडत नाही, ऐकताना पडतं. तयार ड्रोनच्या माहितीपत्रकात एकाच यानाला अमेरिकेच्या नियमाने १० किलोमीटर आणि युरोपच्या नियमाने ६ अशी दोन अंतरं छापलेली असतात, त्यामागे हेच कारण. आणि ती दोन्ही अंतरं मोकळ्या, गोंगाट नसलेल्या जागेतली.

नाशिककर_फोटोवाला
टोकंच रोखत होतो ताई. कुणी सांगितलंच नव्हतं. लॉनवर गोंगाट म्हणजे डीजेचा नव्हे ना?

मृण्मयी_स्टुटगार्ट
डीजेच्या आवाजाने रेडिओला काही होत नाही. पण पाहुण्यांचे मोबाइल, त्यांचे हॉटस्पॉट, लॉनचं वायफाय, बिनतारी माइक, आणि मोठा एलईडी पडदा लावला असेल तर त्याचे वीजपुरवठे. रिमोट घेऊन स्टेजपासून आणि पडद्यापासून लांब, मोकळ्या कोपऱ्यात उभे राहा. चॅनल आपोआपवर न ठेवता ॲपमध्ये गोंगाटाचा आलेख बघून ५.८ मधला रिकामा पट्टा निवडून बघा. ५.८ चं अंतर कमी भरतं, तेवढ्याच अंतरावर पावणेआठ डीबी जास्त खर्ची पडतात, पण तुम्हाला १५० मीटरच पाहिजेत. शांत पट्टा मिळाला की ते परवडतं.

सातबारा
आणि पाहुण्यांच्या डोक्यावरून नेऊ नका. अक्षता वरून पडाव्यात, पंखे नकोत.

एफपीव्ही_पक्या
आता तरी ईएलआरएसबद्दल बोलू द्या. 'नवीन घे' म्हणत नाहीये, नुसती माहिती.

अँटेनाने ३-४ डीबी मिळवायला आपण एवढी मारामारी करतो. ईएलआरएस २.४ मध्ये तीच वारंवारता, तसाच डायपोल, पण सांगण्याची पद्धत लोरा (अगदी बारीक सिग्नलही ओळखता येणारी). सेकंदाला ५०० पाकिटं पाठवली तर रिसीव्हर उणे १०५ डीबीएमपर्यंत ऐकतो (उणे जितकं जास्त, तितका बारीक सिग्नल). २५० ला उणे १०८. ५० पाकिटांवर उतरलात तर उणे ११५. म्हणजे नुसता वेग कमी केला की १० डीबी हातात, अंतर तिप्पट, एकही स्क्रू न काढता. रेसिंगला ५०० लागतात, उसावरून सरळ रेषेत जाणाऱ्या ड्रोनला ५० भरपूर. शिवाय परतीचा दुवा असतो, रिमोटच्या पडद्यावर दुव्याचा दर्जा टक्क्यांत दिसतो. 'तुटला' हे तुटल्यावर कळत नाही, आधी कळतं.

जुना_हॅम
हे मान्य. अगदी पूर्ण मान्य. पुढे कधी रिमोट बदलायची वेळ आली तर पक्या म्हणतो तेच घ्या. फक्त उसातून तोही पलीकडे जाणार नाही, शिडी लागेलच.

उसातला_पायलट
मंडळी, झालं काम.

तारा बाहेर काढल्या, काकांनी सांगितल्या तशा एक मागच्या हातावर आणि एक खाली. कॅमेऱ्याचं वायफाय बंद. मोटारीच्या खोलीवर चढलो (पत्र्याची नाही, स्लॅबचीच आहे, सुदैव). मिशन ७० मीटरवर लावलं आणि रानाच्या मध्यावरनं दोन्हीकडं उडवलं. वडील खाली बांधावर उभे राहून ड्रोन बघत होते, मी वर. नजरेला जेवढं झेपतं तेवढ्या अंतरात एकदाही फेलसेफ लागला नाही. वळताना पूर्वी जो झटका बसायचा, दिवा लुकलुकायचा, तो पण गेला. रिमोट अजून उघडलेला नाही, वॉरंटी शाबूत.

ओढ्याकडच्या कोपऱ्यात तीनेक सऱ्या पिवळ्या आहेत. पाणी साठतंय तिथं.

काडी मागवली होती ती रद्द केली. चुलते विचारतायत त्यांच्या द्राक्षबागेवर येतोस का.

सातबारा
चुलत्यांकडून पैसे घेऊ नका, म्हणजे झालं. घेतलेत की धंदा झाला, मग रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही लागेल.

पमाकाकू
नातवाला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो आजी मला पण मोटारीची खोली पाहिजे. आम्ही राहतो डोंबिवलीत, सातव्या मजल्यावर.

कोल्हापुरी_रेडिओ
नवीन सदस्य. धागा एका बैठकीत वाचला. माझ्याकडे मित्राने परदेशातून आणलेलं ईएलआरएसचं ९१५ मेगाहर्ट्झचं जुनं मॉड्यूल आहे, अँटेना हरवलाय. ९१५ ची रेंज २.४ पेक्षा जास्त असते म्हणतात. घरात राउटरची एक काडी पडलीये, आटे बरोबर बसतात. तात्पुरती लावू का?

जुना_हॅम
दोन्ही नको. ९१५ ची सोय अमेरिकेकडची. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तुमचं मॉड्यूल त्यांच्या कानात ओरडेल. आपल्याकडे मोकळा आहे तो ८६५ पासूनचा छोटा पट्टा, आणि ईएलआरएसमध्ये त्यासाठी 'आयएन८६६' नावाची भारताची वेगळी सेटिंग आहे. मॉड्यूल ८६८/९१५ दोन्हींचं असेल तर सॉफ्टवेअर त्या सेटिंगने पुन्हा भरा. रेंज जास्त हे खरं, कारण वारंवारता कमी झाली की तेवढ्याच अंतराला तोटा कमी, आणि झाडोऱ्यातूनही बरं निभावतं. बदल्यात अँटेना मोठा, पाव तरंगलांबीच साडेआठ सेंटीमीटरच्या वर.

मृण्मयी_स्टुटगार्ट
आणि आटे बसतात म्हणून काडी बसते असं नाही. राउटरच्या काड्यांची जोडणी आरपी-एसएमए असते, अशा मॉड्यूलवर बहुधा साधी एसएमए. आटे सारखे, मधला भाग उलटा. जोडायच्या आधी दोन्हींच्या मध्यभागी बघा: एकात सुई आणि दुसऱ्यात भोक असलं पाहिजे. दोन्हीकडे भोक असेल तर फिरकी घट्ट बसते, पण आत काहीच टेकत नाही, आणि मॉड्यूलला वाटतं अँटेनाच नाही. दोन्हीकडे सुई असेल तर जोर लावल्यावर एक मोडते. वर ती काडी २.४ च्या मापाची, ८६६ ला निरुपयोगी.

योग्य अँटेना हातात येईपर्यंत मॉड्यूल चालूच करू नका, एका मिनिटासाठीही. बाहेर जायला वाट नसली की शक्ती उलटी फिरते आणि आतला शेवटचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. एक वॅटचं असेल तर फार वेळही लागत नाही.

कोल्हापुरी_रेडिओ
बघितलं. दोन्हीकडे भोक. ठेवलं परत डब्यात. ८६६ चा अँटेना शोधतो.